पुठ्ठ्याच्या चौकटीतले विलायत

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर नॅकची समिती येणार असे कळले आणि कॉलेजात जिकडे तिकडे झाडलोट सुरू झाली. ज्या कपाटांना कित्येक वर्षे कुणाचा हात लागला नव्हता त्यांच्या किल्ल्या शोधल्या जाऊ लागल्या. इंग्रजी विभागातल्या हिरव्या लोखंडी कपाटाची किल्ली काही सापडेना, तेव्हा शिपाईमामांनी ते पेचकस घालून उघडले. आवराआवरीला मॅडमनी आम्हा दोघींना बोलावले होते. दुसरी आलीच नाही. मी आले, कारण माझी एस.टी. चार वाजता असते आणि तोवर बसायला मला दुसरी जागा नव्हती.

खरे सांगायचे तर त्या खोलीत पाय ठेवायला मी भीत असे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील दहावीला इंग्रजीत बसले ते पुन्हा उठले नाहीत. आई चौथीपर्यंत. पहिल्या वर्षी वर्गात धडा वाचताना मी ‘आयर्न’चा उच्चार ‘आयरॉन’ असा केला आणि वर्ग हसला. कुणी वाईट हेतूने हसले असेल असे नाही. पण त्या दिवसापासून मी भिंतीकडेच्या बाकावर बसू लागले. धड्यातले ‘हार्थ’, ‘स्कलरी’, ‘पेव्हमेंट’ हे शब्द मी अर्थासकट पाठ करी. पण पाठ केलेल्या शब्दाला चेहरा नसतो. पुढे इंग्रजीचा नाद सोडून मराठी घ्यायचे, असे मी मनाशी जवळजवळ ठरवूनच टाकले होते.

कपाटात उच्चारांचे तक्ते निघाले, एक टेपरेकॉर्डर निघाला, बुरशी आलेल्या कॅसेट निघाल्या. सर्वात खाली एक जड यंत्र आणि एक लाकडी पेटी. यंत्र म्हणजे स्लाइड प्रोजेक्टर. पेटीत खाचाखाचांतून उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटी, एकूण १४२. आजच्या मुलांनी हा प्रकार पाहिलेला नसेल म्हणून सांगते. दोन इंच लांब, दोन इंच रुंद अशी ती चौकट असते आणि मधोमध २४ बाय ३६ मिलिमीटरचा फिल्मचा तुकडा. निगेटिव्हमध्ये काळ्याचे पांढरे दिसते तसे इथे नसते. इथे सगळे रंग जिथल्या तिथे असतात, मात्र मागून उजेड पडल्याशिवाय काही दिसत नाही. मी पहिली चौकट उचलली आणि खिडकीकडे धरली.

लाल रंगाची एक टेलिफोनची खोली. तिच्या डोक्यावर बर्फ. शेजारी एक कुत्रे.

चौकटीच्या पुठ्ठ्यावर बारीक अक्षरात शाईने लिहिले होते, आणि ते मराठीत होते : ‘फेब्रु. १९६३. फोन लागला नाही.’

मॅडमना विचारले तेव्हा उलगडा झाला. कॉलेजच्या सुरुवातीच्या काळात इंग्रजी शिकवणारे एक सर १९६२-६३ साली वर्षभर मँचेस्टरला शिकायला गेले होते. त्यांनी तिथून हे फोटो काढून आणले आणि पुढे विभागाला देऊन टाकले. मॅडमनीही त्यांना पाहिलेले नाही. पण १४२ चौकटींवरचे अक्षर वाचून झाल्यावर मला ते सर चांगले ओळखीचे वाटू लागले. चहात साखर किती घेत असतील तेही मी सांगू शकेन, इतके!

पुढचे आठ-दहा दिवस मी रोज चारच्या एस.टी.पर्यंत त्या पेटीपाशी बसत असे. मोबाइलचा पडदा पांढरा करायचा, तो टेबलावर आडवा ठेवायचा आणि त्यावर चौकट ठेवून भिंगातून पाहायचे, अशी युक्ती मीच काढली. काही चौकटी सबंध गुलाबी पडल्या होत्या, काहींवर बुरशीची जाळी होती. पण कोडाक्रोम नावाच्या फिल्मवरचे रंग मात्र काल काढल्यासारखे ताजे. ही फिल्म अंधारात राहिली तर तिचे रंग फार टिकतात, आणि आमच्या कपाटात दुसरे काही नसले तरी अंधार भरपूर होता. कोडॅक कंपनीने स्लाइड प्रोजेक्टर करणे २००४ मध्ये थांबवले, कोडाक्रोम फिल्म २००९ मध्ये. शेवटी शेवटी ती धुऊन देणारी एकच प्रयोगशाळा जगात उरली होती, अमेरिकेतल्या कॅन्सास राज्यात पार्सन्स या गावी. तिनेही २०१० च्या अखेरीस नवे काम घेणे बंद केले.

मला वाटले होते, विलायतचे फोटो म्हणजे राणी असेल, राजवाडा असेल, लंडनचा पूल असेल. लंडनची चित्रे निघाली तीनच. सरांना जणू त्या देशाच्या दर्शनी बाजूचा कंटाळाच होता. ते सदा परसदारी उभे. एका चौकटीत विटांच्या काळवंडलेल्या घरांची रांग, भिंतीला भिंत लागून, आणि प्रत्येकाच्या धुराड्यातून धूर. १९५२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये धुराने हजारो माणसे मेली होती, त्यावरून १९५६ मध्ये धुराविरुद्ध कायदा झाला. पण गावोगावच्या चुली काही एका दिवसात निवल्या नाहीत. दुसऱ्या चौकटीत त्याच घरांची मागची बाजू. गल्लीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, आणि त्यांवर चादरी, विजारी, पोरांचे मोजे. ‘बर्नली. सोमवार. सबंध गल्लीचे धुणे.’ सोमवार हा तिथला धुण्याचा वार. तिसरीत परसातला संडास, त्याचे लाकडी दार अर्धे उघडे, आणि शेजारी खिळ्याला टांगलेला पत्र्याचा लांबट टब. त्या टबात सबंध घराची आंघोळ व्हायची. घरात न्हाणीघर नाही, संडासला अंगणातून जायचे. हे इंग्रजांच्या घरी! मी ती चौकट तीनदा उलटसुलट करून पाहिली.

आणखी एकीत डोक्याला फडके बांधलेली एक बाई गुडघ्यांवर बसून दाराची पायरी घासते आहे. पायरीच्या कडेला पिवळसर दगडाने रेघ ओढायची तिथे रीत होती. त्या दगडाला ‘डाँकी स्टोन’ म्हणत, आणि तो विकत आणायचा नसे. गाडीवर जुने कपडे गोळा करणारा माणूस गल्लीत येई, त्याला चिंध्या दिल्या की तो दगड देई. म्हणजे आपली बोहारीणच की! मी हे घरी आईला सांगितले तर ती म्हणाली, “मग दगडापरास आपली बोहारीण बरी. पातेलं तरी देती.”

दुधाच्या बाटल्यांची एक चौकट मला सर्वांत आवडते. १९६२-६३ चा हिवाळा इंग्लंडात १७४० नंतरचा सर्वांत कडक हिवाळा होता. उंबऱ्यापाशी ठेवलेल्या बाटल्यांतले दूध गोठले, फुगले, वर आले, आणि चांदीच्या कागदाची झाकणे टोपीसारखी त्याच्या डोक्यावर बसली. सरांनी लिहिले आहे, ‘दूध उभे राहिले.’ एका झाकणाला भोक पडलेले दिसते. ते काम ‘ब्लू टिट’ नावाच्या चिमुकल्या पाखराचे असावे. झाकण फोडून वरची साय खायची विद्या या पाखरांना अवगत झाल्याची पहिली नोंद १९२१ मधली, साउदॅम्प्टनजवळची आहे. पुढे ती विद्या देशभर पसरली, शाळा नसताना.

तर अशा त्या चौकटी. ‘पेव्हमेंट’ दिसली, ‘हार्थ’ दिसली, ‘स्कलरी’तली मोरीही दिसली. एकेक शब्दाला चेहरा मिळत गेला.

समिती आली आणि गेली. तिने ते कपाट पाहिलेसुद्धा नाही. पण मॅडम म्हणाल्या, एवढे आवरले आहेस तर वर्गाला दाखवू या. प्रोजेक्टरचा दिवा सुदैवाने जिवंत होता. खिडक्यांना चादरी लावल्या, पंखा घरघरू लागला, तापलेल्या धुळीचा वास सुटला. स्लाइड यंत्रात उलटी घालायची असते, डोके खाली पाय वर. मी तेवढे लक्षात ठेवले, पण पाठची बाजू पुढे केली. परिणामी भिंतीवर एका दुकानाची पाटी आरशातल्यासारखी उमटली. मागून कुणीतरी ओरडले, “वाच की आता!” वर्ग हसला. मीही हसले. सरळ इंग्रजी वाचताना घाम फुटणाऱ्या मुलीकडून उलट्या इंग्रजीची अपेक्षा म्हणजे जरा जास्तच झाले.

शेवटच्या पंचवीस-तीस चौकटी कापडगिरणीतल्या होत्या. बर्नली, ओल्डहॅम ही लँकेशायरमधली गिरण्यांची गावे. वर पट्टे फिरताहेत, खाली मागांच्या रांगा, आणि मागांपाशी बाया. त्यांतल्या एका चौकटीत एक प्रौढ बाई दोन्ही हातांत लाकडी धोटा धरून त्याला ओठ लावते आहे. डोळे किंचित मिटलेले. पुठ्ठ्यावर लिहिले होते, ‘धोट्याचा मुका!’ पुढे उद्गारचिन्ह. वर्गात शिट्ट्या वाजल्या. मॅडमनी विचारले, ही असे का करते आहे? कुणालाच सांगता येईना. शुभशकुन असेल, कुणी म्हणाले. कामाला सुरुवात करताना आपण नाही का अवजाराला नमस्कार करीत, तसे. सर्वांना ते पटले. मलाही पटले. मी मोबाइलवर त्या चौकटीचा फोटो काढून घेतला, एवढेच.

माझे आजोबा, त्यांना आम्ही आबा म्हणतो, मुंबईला गिरणीत होते. नायगावला बीडीडी चाळीत त्यांची खोली होती. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही. आबा तेव्हापासून गावी आहेत. त्यांना ऐकू येत नाही. घरात सगळे त्यांच्याशी ओरडून बोलतात, आणि त्यांनी ‘आँ?’ केले की चिडतात. मीही चिडत असे. ते गिरणीविषयी कधी बोलत नाहीत, असा आमचा समज होता. खरे म्हणजे आम्ही कधी विचारले नव्हते.

त्या रात्री जेवणाआधी मी त्यांच्यापुढे मोबाइल धरला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब नेला, मग जवळ आणला.

“साचा हाय,” ते म्हणाले. “बायामाणसं साच्यावर? आमच्याकडं बाया कांड्या भराय हुत्या. साच्यावर सगळं गडी.”

मी पुढची चौकट दाखवली. धोट्याचा मुका.

“मुका कसला?” मी लिहिलेले वाचून दाखवल्यावर आबा म्हणाले. “धोटा चोखतीया ती. कांडी संपली की नवी घालायची. सूत धोट्याच्या भोकातनं भाईर काढायचं कसं? तोंड लावून वढायचं. सर्रकन येतं. पर सुतासंगं कापूस बी येतो, तेल बी येतं. दिसातनं किती येळा, त्याला काय गणती?”

मग ते जरा थांबले.

“माझा बा एकतीस वर्सं त्रासन खात्यात हुता. साच्यावर पगार जास्त. पर साच्यावर आपल्या माणसाला घेत नव्हते. ह्या पाळीला एकानं चोखलेला धोटा त्या पाळीला दुसऱ्याच्या तोंडात जायाचा. आपलं तोंड लागलेला धोटा कोण चोखंल?”

कांद्याचा भाव सांगावा तसे आबा हे बोलले. आजी चुलीपाशी भाकरी थापत होती, तिचा हात थांबला नाही. थांबला तो माझा.

नंतर मी ग्रंथालयात वाचले. १९२८ च्या मुंबईच्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न मांडला होता : अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात प्रवेश का नाही? हे वाक्य मी बारावीच्या परीक्षेत एकदा उत्तरातही लिहिले होते. गुणही मिळाले होते. पण त्या वाक्यात माझे पणजोबा उभे आहेत हे मला ठाऊक नव्हते. इंग्लंडातही धोटा चोखण्यावर पुष्कळ तक्रारी झाल्या होत्या, पण त्या रोगराईच्या आणि दात किडण्याच्या. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच ही पद्धत बंद केली, इंग्लंडात १९५२ मध्ये तसे नियम झाले. आता सरांची चौकट १९६३ मधली. म्हणजे नियम झाले तरी त्या बाईची सवय सुटली नव्हती, किंवा तिला दिलेला धोटा जुनाच होता. तिथे एकीचा धोटा दुसरीने तोंडात घेतला तर तिला खोकला लागेल ही भीती होती. आमच्याकडे कसली भीती होती ते आबांनी सांगितलेच.

“मग तुम्ही कसे गेलात साच्यावर?” मी विचारले.

“मी लागलो सदुसष्टला. तवर हातानं सूत ववायचा धोटा आला हुता. त्यो चोखाय लागत न्हाई.” आबा हसले. “माणसं सुधारली म्हनून न्हाई घेतला मला. धोटा सुधारला.”

तरीही पहिला महिनाभर शेजारच्या साचेवाल्याने त्यांच्या हातची कांडी हातात घेतली नव्हती. खाली ठेव, मग मी उचलतो, असे तो म्हणे. पुढे त्याच माणसाच्या मुलीच्या लग्नात आबा पंगतीला होते, हेही आबांनीच सांगितले. दोन्ही गोष्टी एकाच सुरात.

मी आणखी एक चौकट दाखवली. दोन बाया दोन मागांपाशी, मधे सात-आठ हातांचे अंतर, दोघींची तोंडे मोठी उघडलेली. सरांनी लिहिले होते, ‘ओरडतात, पण आवाज नाही.’ आबांनी ती पाहिली मात्र, त्यांचा चेहरा उजळला.

“वरडत न्हाईत. बोलत्यात! शंभर साचे चालल्यावर वरडून काय ऐकू येणार? वठ बघायचं वठ. आम्ही बी असंच बोलायचो. पार त्या टोकाचा गडी काय म्हनतो ते मला हितनं कळायचं.”

लँकेशायरमध्ये या बोलण्याला ‘मी-मॉइंग’ असे नाव होते. गिरणीतल्या बाया ओठांची हालचाल मुद्दाम मोठी करून बोलत, आणि म्हातारपणी कान गेले तरी त्यांचे अडत नसे. आबांचे कान साच्याने नेले. पण ओठ वाचायची विद्या त्यांच्याजवळ शाबूत होती, आणि आम्ही चाळीस वर्षे त्यांच्या पाठीमागून, चुलीपुढून, दाराआडून ओरडत होतो.

मी उठून त्यांच्या समोर बसले. तोंड दिव्याकडे केले. आवाज न चढवता विचारले, “आबा, भाकरी वाढू?”

“वाढ की,” आबा म्हणाले.

आजीने मागे वळून पाहिले.

त्यानंतर आमच्या बैठकी सुरू झाल्या. रोज पाच-सहा चौकटी. वर्तमानपत्रात बांधून दिलेले तळलेले मासे आणि बटाटे पाहून आबांना गिरणीच्या गेटावरचा भजीवाला आठवला. बर्फावरून घसरणारी पोरे पाहून ते म्हणाले, थंडीत ह्यांचं काय खरं न्हाई. आणि बोलता बोलता त्यांच्या तोंडून शब्द पडू लागले : बाबिन, जॉबर, मास्तर, शिफ्ट, त्रासन. हे ‘त्रासन’ म्हणजे ‘थ्रॉसल’, सूत कातायच्या जुन्या यंत्राचे लँकेशायरमधले नाव, हे मला शब्दकोशात सापडले तेव्हा मी मोठ्याने हसले. माझ्या पणजोबांना येत असलेला तो इंग्रजी शब्द आमच्या वर्गात कुणालाच येत नव्हता. तो मुंबईला यंत्राबरोबरच आला असणार. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांची यंत्रे मुंबईच्या गिरण्यांत होती, हे आबांना पाठ होते. यंत्रावर बिडाच्या अक्षरांत लिहिलेले असे, म्हणाले. वाचता येत नव्हते, पण रोज पुसायचे त्यामुळे हाताला ठाऊक होते.

एके दिवशी त्यांनी विचारले, “तिथल्या गिरण्या चालू हायती का?”

मी सांगितले की नाहीत. १९५८ च्या सुमारास तर अशी पाळी आली होती की ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्या सुती कापडापेक्षा बाहेरून येणारेच जास्त झाले, आणि येणाऱ्यात आपल्या देशाचेही कापड होते. १९५९ मध्ये सरकारने कायदा करून जुने माग मोडीत काढायला पैसे दिले. बर्नलीजवळची क्वीन स्ट्रीट मिल ही वाफेच्या इंजिनावर चालणारी गिरणी मात्र बरीच टिकली. आता तिचे संग्रहालय झाले आहे.

“ती कवा बंद पडली?”

“१९८२ ला.”

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्यासंगंच की.”

जानेवारीत मॅडमनी त्या चौकटी पुन्हा लावायला सांगितल्या, आणि या वेळी ‘धोट्याचा मुका’ मी समजावून सांगावा, तोही इंग्रजीतून, असे म्हणाल्या. मी दोन रात्री वाक्ये जुळवली. उभी राहिले तेव्हा पाय लटपटत होते. बरीच वाक्ये मोडली. ‘आयर्न’ हा शब्द एकदा आला आणि तो मी नीट म्हटला की नाही, मला आता आठवत नाही. सूत तोंडाने ओढतात ते सांगताना शब्द सुचेना, तेव्हा मी डस्टर तोंडाशी धरून दाखवले. कुणी शिटी वाजवली नाही. पणजोबांचे मी इंग्रजीत सांगायचे ठरवले होते, पण तिथे आल्यावर मी मराठीत बोलू लागले, आणि मॅडमनी मला अडवले नाही.

आता विभागात त्या १४२ चौकटींचे रजिस्टर झाले आहे. ते मी लिहिले. अनुक्रमांक, ठिकाण, साल, सरांची टीप, आणि शेवटचा रकाना ‘अधिक माहिती’. सरांच्या टिपा मी जशाच्या तशा ठेवल्या आहेत, उद्गारचिन्हासकट. मात्र ११८ क्रमांकापुढे शेवटच्या रकान्यात अर्धे पान माहिती आहे आणि तिच्याखाली आबांचे नाव. मॅडम म्हणाल्या, माहिती देणाऱ्याचा हुद्दाही लिहावा लागतो. मी घरी येऊन आबांना विचारले, समोर बसून, हळू.

“साचेवाला लिही,” आबा म्हणाले. “बदली नको लिहू. शेवटी मी कायम झालो हुतो.”